अण्णांचा ॲक्सिडेंट

आमच्या घरमालकांना ॲक्सिडेंट फार आवडायचे. एवढंच वाचून कुणाला वाटेल, माणूस दुष्ट असणार. तसं मुळीच नव्हतं. पायाखाली मुंगी आली तरी हळहळणारे गृहस्थ. त्यांचं आणि त्या शब्दाचं काहीतरी वेगळंच जमलं होतं, त्याला मी काय करू?

धारवाडला सप्तापुरात त्यांच्या मागच्या खोलीत मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो. मी अळणावरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. धारवाडजवळच्या बेलूरला एका कारखान्यात स्टोअरला नोकरी लागली म्हणून शहरात आलो. घरमालकांना सगळं सप्तापूर अण्णा म्हणायचं, मीही तेच म्हणायला लागलो. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. निवृत्त होऊन वर्षं झाली होती, पण पेनं काही निवृत्त झाली नव्हती.

अण्णांनी बत्तीस वर्षं एका विमा कंपनीत क्लेमच्या खात्यात काढली. कुणाचा हात यंत्रात गेला, कुणी बैलगाडीवरून पडला, कुणाच्या म्हशीवर वीज कोसळली, सगळे कागद त्यांच्या टेबलावरून जायचे. हा ॲक्सिडेंट आहे की नाही, एवढंच त्यांनी ठरवायचं. ती परीक्षा ते तीन बोटांवर घ्यायचे. पहिलं बोट, सडन, म्हणजे अचानक. दुसरं, अनफोरसीन, म्हणजे येताना दिसलं नव्हतं असं. तिसरं, अनइंटेंडेड, म्हणजे कुणाच्या मनात नव्हतं असं. तिन्ही उभी राहिली तर ॲक्सिडेंट. एक जरी आडवं झालं तर फाईल परत.

नोकरी सुटली तरी बोटं सुटली नाहीत. एकदा अण्णांच्या बायकोच्या, काकूंच्या हातून दूध उतू गेलं. काकू आपल्या सहज म्हणून गेल्या, "अगंबाई, ॲक्सिडेंटच झाला की." अण्णा पेपर टाकून उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"गॅस लावून तू कुंपणाशी किती वेळ बोलत होतीस?"

"असेल पाचेक मिनिटं."

"मग दूध वर येणार हे दिसत होतं. अनफोरसीन बसत नाही. हा हलगर्जीपणा. फाईल परत."

"फाईल परत करा हो," काकू म्हणाल्या, "पण आधी तो ओटा पुसून द्या."

अण्णांनी निमूटपणे ओटा पुसला. त्या घरात निकाल अण्णा द्यायचे आणि अंमल काकूंचा असायचा.

मी त्या घरात आलो तोही ॲक्सिडेंटच. मला जायचं होतं पुढच्या गल्लीत, एका मास्तरांकडे. खोली बोलून ठेवली होती. चुकून मी अण्णांचं गेट उघडलं आणि "खोली बघायला आलोय" म्हणालो. अण्णांनी मला व्हरांड्यात बसवून अर्धा तास उलटतपासणी घेतली. कुणी पाठवलं, गल्ली कशी चुकली, गेट बघून आवडलं म्हणून तर शिरला नाहीस ना? मी घामाघूम. शेवटी तीन बोटं उभी राहिली.

"मास्तरांकडे जाऊ नकोस," ते म्हणाले. "ते ठरवलेलं घर आहे. हे पडलेलं आहे."

आतून काकूंचा आवाज आला, "घर पडलेलं काय म्हणता हो, चांगलं उभं आहे की."

त्यांची मागची खोली भाड्यानं द्यायची नव्हतीच मुळी. तिथं जुने पेपर आणि एक मोडका पाळणा होता. संध्याकाळपर्यंत दोन्ही माळ्यावर गेले आणि माझी ट्रंक आत आली.

त्या पहिल्याच रात्री जेवताना मी विचारलं, "अण्णा, ॲक्सिडेंट चांगला कसा असेल हो?" झालं. त्यांनी पुठ्ठा गेलेला जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणला आणि भाताच्या शेजारी ठेवला.

"शब्दाचं कूळ बघावं माणसानं. लॅटिनात कॅडेरे म्हणजे पडणं. ॲड म्हणजे कडे, आपल्याकडे. आपल्याकडे येऊन पडतं ते ॲक्सिडेंट. आता माणसाच्या अंगावर काय नुसती भिंतच पडते? पेरूसुद्धा पडतो."

"आणि पालही पडते," काकू म्हणाल्या.

"पडू दे. पदरी पडलं, पवित्र झालं. हा जो पदर आहे ना आपला, तो त्या शब्दात आहे. वापरणाऱ्यांनी वाट लावली. बत्तीस वर्षं मी वाईट ॲक्सिडेंट वाचले. आता उरलेत तेवढे दिवस चांगले बघणार."

आणि बघायचे हो. घरामागं पेरूचं झाड होतं, त्याचा पेरू त्यांनी कधी तोडला नाही. पडलेलाच उचलून खायचे. महिन्यातून एखाद्या रविवारी बसस्टँडवर जायचे आणि जी बस आधी सुटेल तिच्यात बसायचे. काकूंनी एकदा त्यांना हुबळीला पिठाची चाळण आणायला पाठवलं, तर हे कलघटगीला पोचले आणि परत आले ते एक मांजराचं पिल्लू घेऊन. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. पिल्लाचं नाव क्लेम ठेवलं. "क्लेम आला काय गं? क्लेमनं दूध प्यायलं काय?" असं घरात चाललेलं असायचं. चाळण शेवटी मी आणली.

मी एक दिवस डबा विसरलो तर तो द्यायला अण्णा बेलूरला कारखान्याच्या गेटवर आले. गेटवर आमच्याकडे मोठा फळा होता. 'ॲक्सिडेंटशिवाय दिवस : एकशे बारा.' अण्णा डबा हातात धरून त्या फळ्यापुढे कितीतरी वेळ उभे. मग वॉचमनला म्हणाले, "पाप." आता कन्नडात पाप म्हणजे बिचारे, एवढंच. एकशे बारा दिवस या माणसांच्या आयुष्यात काहीच पडलं नाही, म्हणून अण्णांचा जीव कळवळला होता. पण आमचा सुपरवायझर नाशिककडचा. त्यानं मराठी पाप ऐकलं. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारतो, "तुमचे मालक आपल्या बोर्डाला पाप का म्हणत होते? कुणी काही लपवलंय का?" त्याला समजावता समजावता माझी जेवणाची सुट्टी गेली. आमच्या भागात दोन भाषांत एकच शब्द वेगवेगळे धंदे करतो, हे बाहेरच्या माणसाला पटवणं कठीण. ते पुढं मला स्वतःलाच भोवलं, तेही येईलच.

एवढ्या हसऱ्या घरात एक गोष्ट मात्र सलत होती. ती त्यांच्या एकुलत्या एक मुलीची, ताईची.

अण्णा-काकूंना लग्नानंतर पंधरा वर्षं मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, कुणी सांगितलं ते सगळं झालं. शेवटी दोघांनी हात टेकले, पाळणा शेजारी देऊन टाकायचा ठरवला, आणि त्याच वर्षी काकूंना दिवस गेले. ताई झाली. माझ्या खोलीतून माळ्यावर गेलेला पाळणा तो हाच. ताई हुशार, इंग्रजी शाळेत शिकलेली, हुबळीला एका ऑफिसात नोकरीला. मी राहायला आलो त्याच वर्षी तिचं लग्न झालं. मुलगा ऑफिसातलाच, कन्नड बोलणारा, चांगला. अण्णा खूश होते. दोघं लिफ्ट बंद पडल्यामुळं जिन्यात भेटली, हे ऐकून तर जास्तच.

लग्न हुबळीच्या एका कार्यालयात. मी वाढपी होतो, हातात मठ्ठ्याची बादली. पंगत बसायच्या आधी जावयाच्या ऑफिसातल्या मंडळींनी आग्रह केला, मुलीच्या वडिलांनी दोन शब्द बोलावेत. अण्णा उठले. शर्टाला दोन पेनं. पाहुणे इंग्रजी बोलणारे, म्हणून इंग्रजीत बोलले. त्याचा मराठीत अर्थ असा की, "माझी मुलगी हा एक ॲक्सिडेंट आहे. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा ॲक्सिडेंट." आणि डोळे पुसत खाली बसले.

ऑफिसातली मंडळी खुसखुसली. इंग्रजीत कुणाला तसं म्हटलं तर त्याचा अर्थ नको असताना झालेलं पोर, हे ताईला कळत होतं, त्या मंडळींना कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त अण्णांना. ते बिचारे लॅटिनात बोलत होते.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मुलाच्या आत्याला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, आणि तो नेमका हाच. तिनं शेजारणीला विचारलं, "हुडगीगे ॲक्सिडेंट आगित्तेनु?" म्हणजे मुलीला अपघात झाला होता की काय? पहिली पंगत उठेपर्यंत कार्यालयभर झालं की मुलीच्या पायात लोखंडी रॉड आहे आणि हे तिच्या बापानंच सगळ्यांसमोर कबूल केलं. माझ्या हातातली बादली थांबवून दोघांनी मला विचारलं, डावा की उजवा. पुढं वर्षभर सासरची माणसं ताई जिना चढताना तिच्या पायांकडं बघत होती.

ताई आठवड्यानं माहेरी आली ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. "अण्णा, तुमचा शब्द परत घ्या."

"शब्द बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "तिन्ही बोटं उभी आहेत. मी चूक कबूल करीन, पण बरोबर शब्द चूक कसा म्हणू?"

"मग मीच चूक," ताई म्हणाली आणि गेली. चार वर्षं त्या गेटातून आत आली नाही.

अण्णांना काय वाटलं ते कधी बोलले नाहीत. पण तेव्हापासून रविवारी बसस्टँडवर पहिली बस हुबळीची लागली तर ते तिच्यात बसायचे नाहीत, दुसरीची वाट बघायचे. स्वतःचाच नियम मोडायचे. हे मी पाहिलंय. मला फार वाईट वाटायचं. एकदा धीर करून म्हणालो, "अण्णा, एका शब्दासाठी मुलगी घालवता होय?" ते म्हणाले, "तो शब्द खोटा म्हटला, तर ती पदरात पडली तेच खोटं होतं की रे." 

अण्णांच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या अक्कांकडं होता. अक्का कन्नड बाई, साठीच्या, गुडघ्यांनी बेजार, मनानं लोणी. त्या आणि काकू वीस वर्षं कुंपणाशी बोलत होत्या, अक्का कन्नडात आणि काकू मराठीत, आणि दोघींना एकमेकींचं जेवढं कळायचं तेवढं पुरायचं. दर बुधवारी अकराला काकू अक्कांकडं कढीपत्ता आणायला जायच्या. आमच्या परसात कढीपत्त्याचं चांगलं डोक्यावर गेलेलं झाड होतं. अकराला ताईचा फोन यायचा. अण्णांना ठाऊक होतं, कारण बुधवारी पावणेअकरापासून ते काकूंना विचारायचे, "कढीपत्ता संपला नाही काय आज?"

तो बुधवार असाच. मला दुसरी पाळी होती, म्हणून मी घरीच. साडेदहाला मागं पेरू पडल्याचा आवाज झाला. अण्णा गेले, वाकले, पेरू उचलला, आणि तसेच राहिले. पाठ धरली. कमरेत काटकोन, हातात पेरू, तोंड जमिनीकडं. आम्ही दोघांनी धरून त्यांना पुढच्या व्हरांड्यात आणलं, समोर स्टूल ठेवलं, त्यावर कोपरं टेकवून ते उभे राहिले. झोपायला तयार नाहीत. काकू वीट तापवून शेकायला लागल्या.

"अण्णा, ॲक्सिडेंट झाला की हो," मी आपला त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो.

"छे," ते जमिनीकडं बघत म्हणाले. "या वयात पाठ धरणार हे दिसत होतं. अनफोरसीन बसत नाही."

अकराला पाच कमी. काकूंनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि हळूच सांगितलं, "अक्कांना सांगून ये, मला येता येत नाही. अण्णांची पाठ अवघडलीय म्हणावं."

मी कुंपणाशी गेलो. इथं नीट ऐका, कारण सगळा घोळ इथं आहे. मी कन्नडात बोलायला लागलो, पण काकूंचा शब्द तोंडात तसाच होता. आमचं नेहमीचंच आहे ते, वाक्य कन्नड आणि शब्द मराठी. मी म्हणालो, "अक्का, काकू बरंगिल्ल. अण्णारिगे अवघड आगेती." मला म्हणायचं होतं, काकू येत नाहीत, अण्णांना अवघडलंय. पण कन्नडात अवघड म्हणजे अपघात, दुर्घटना. पेपरात मथळे येतात तसले. जन्मापासून दोन्ही भाषा बोलणारा मी, आणि मला त्या क्षणी ते सुचलं नाही.

अक्का "अय्यय्यो" म्हणून उठतायत, तेवढ्यात फोन वाजला. अक्कांनी ताईला सांगितलं, "निम्म अप्पारिगे अवघड आगेतंत, लगून बर्री." तुमच्या वडिलांना अपघात झालाय, लवकर या. ताईनं पुढचं ऐकलंच नाही. अक्का गुडघे सांभाळत आमच्या व्हरांड्यात आल्या, तेव्हा अण्णा स्टुलावर कोपरं टेकून पेरू खात होते.

"इष्टे एनु?" अक्का म्हणाल्या. एवढंच होय?

मग मला उमगलं. मी धावत जाऊन ताईच्या ऑफिसात फोन लावला. बाई निघून गेल्या, म्हणाले. 

काकूंना आत नेऊन सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग मटकन खाली बसल्या. "येतेय ती, चार वर्षांनी येतेय. आणि आल्यावर बघेल की यांना काही झालेलं नाही. तिला वाटेल आम्ही खोटं सांगून बोलावलं. आता गेली की कायमची जाईल बघ."

"काकू, मी सांगतो ना, माझी चूक."

"तुझं कोण ऐकतंय? त्यांना झोपवून डोक्याला एक फडकं बांधू या काय?"

"आणि ते उठून तीन बोटं दाखवतील."

"तेही खरंच," काकू म्हणाल्या. "यांना काही सांगू नकोस बघ आता."

पुढचा तास मी कसा काढला माझं मला माहीत. पाळीची बस गेली. काकूंनी भात टाकला, मग उठून त्यात आणखी वाटीभर तांदूळ घातले. अक्का पायरीवर बसून जप करायला लागल्या. एकटे अण्णा मजेत, जमिनीवरच्या मुंग्यांची रांग बघत होते.

सव्वाबाराला गेटपाशी रिक्षा थांबली. ताई धावतच आली. हातात उघडं पेन होतं, ऑफिसातून तसंच आलेलं. व्हरांड्यात येऊन थबकली. अण्णांना मान वर करता येत नव्हती. त्यांना फक्त पाय दिसले. पण बापाला मुलीचे पाय ओळखू येतात.

त्यांनी डावा पाय नीट बघितला, उजवा बघितला. मग म्हणाले, "कुठाय रॉड? केवढ्या जोरात पळत आलीस तू."

"कुठं लागलंय तुम्हाला?" ताईचा आवाज फाटला होता. "डोक्याला लागलंय? असे का उभे आहात?"

"लागलं कुठं? पाठ अवघडलीय नुसती."

"अवघडलीय?" ताईनं अक्कांकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. "अवघड म्हणजे हे? काय सांगितलंत तुम्ही अक्कांना?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द. अक्कांनी मान डोलावली. ताई वळली. मला वाटलं, संपलं, ही आता निघाली. काकूंनी दाराची चौकट धरली.

"थांब," अण्णा खालूनच म्हणाले. "जायचं तर जा, पण फाईल पुरी करून जा." आणि मला म्हणाले, "पुढं ये रे. इथं, मला पाय दिसतील असा उभा राहा. हे तू अचानक बोललास?"

"होय अण्णा."

"ही येईल असं तुला दिसलं होतं?"

"नाही."

"हिला आणावं असं मनात होतं?"

"शप्पथ, नव्हतं. मला तो शब्दच सुचला नाही हो."

स्टुलावर टेकलेल्या हाताची तीन बोटं एकेक करून उभी राहिली. अण्णा म्हणाले, "म्हणजे आत्ता या घरात ॲक्सिडेंट झालाय. हिचाच, दुसऱ्यांदा."

ताई तिथंच पायरीवर बसली आणि रडायला लागली. "मला वाटलं तुम्ही गेलात. रिक्षात सगळ्या वाटेनं मला वाटत होतं, मी बोलले नाही आणि तुम्ही गेलात."

मग अण्णाच बोलले, जमिनीकडं बघत, सावकाश. "पंधरा वर्षं आम्ही सगळं ठरवून केलं. काही झालं नाही. सोडून दिलं, तेव्हा तू पडलीस पदरात. याला तुमच्या इंग्रजीत दुसरा शब्द असेल तर मला दे. मी तो वापरतो, आजपासून."

ताईनं पदरानं नाक पुसलं. ती अण्णांचीच मुलगी. खरंच विचार करायला लागली.

"ब्लेसिंग," ती म्हणाली.

"ते मागून मिळतं. आम्ही मागायचं सोडल्यावर तू आलीस."

"सरप्राइज."

"ते कुणीतरी आधी लपवून ठेवलेलं असतं. तुला कुणी लपवलं होतं?"

"मग लक म्हणा."

"लक लॉटरीवाल्यांचं. लक आलं काय, गेलं काय. तू राहिलीस."

मीही मनात शोधत होतो, मला काय डोंबल येणार. काकूंनी डोळ्याला पदर लावला होता आणि आत भात करपत होता.

"नाही दुसरा शब्द," ताई शेवटी म्हणाली.

"नाही ना? मीही चार वर्षं शोधला," अण्णा म्हणाले. "त्या कोशात पहिल्या पानापासून. शब्द बरोबर होता गं. जागा चुकली. दोनशे माणसांत इंग्रजीत बोलायला नको होतं. ते माझं चुकलं."

हे ऐकायला ती चार वर्षं थांबली होती असं मला वाटतं. ती उठली, अण्णांच्या पुढ्यात खाली बसली, म्हणजे त्यांना तिचं तोंड दिसेल. आणि म्हणाली, "अर्धा पेरू तरी ठेवायचा माझ्यासाठी."

अण्णा इतके हसले की पाठ मोकळी झाली. म्हणजे अर्धी मोकळी झाली. उरलेली काकूंच्या विटेनं संध्याकाळपर्यंत सुटली. करपलेला भात आम्ही पाचजणांनी खाल्ला, अक्काही होत्या, आणि दुसरी पाळी चुकली म्हणून मी सुपरवायझरला कारण काय सांगितलं ते विचारू नका. 'पाप' समजावलं होतं, आता त्याला 'अवघड' समजावायची माझ्यात ताकद नव्हती.

काकूंनी मात्र माझी शपथ कधी मानली नाही. मरेपर्यंत त्या म्हणायच्या, "लबाड आहेस, मुद्दामच म्हणालास." खरंच मुद्दाम नव्हतं हो. पण काकू असं म्हणताना बेसनाचा लाडू हातावर ठेवायच्या, म्हणून पुढं पुढं मी नाही म्हणायचं सोडलं.

निघताना अण्णांनी ताईला विचारलं, "आता कधी येशील?"

ताई गेटाबाहेर जाऊन वळली. "ठरवून नाही येणार," म्हणाली. "झालाच तर ॲक्सिडेंट होईल."

तो पुढच्या रविवारी साडेदहाला झाला. त्याच्या पुढच्याही. पुढं अण्णांकडं फोन आला, नंतर जावयानं मोबाईलही दिला, पण येते म्हणून तिनं कधी फोन केला नाही. मी लग्न करून दुसरीकडं बिऱ्हाड केलं तरी रविवारी सप्तापुरात डोकवायचो, तेव्हाचं सांगतो. काकू तांदूळ जास्तच धुवायच्या. सव्वादहाला चहाचं आधण चढायचं, त्यात पाणी तीन कपांचं. पडलेल्यातला चांगला पेरू अण्णा स्वतः धुऊन ताटलीत ठेवायचे. मग व्हरांड्यातली खुर्ची उचलायचे, फिरवून भिंतीकडं तोंड करायचे, आणि गेटकडं पाठ करून बसायचे.

"अण्णा, असे का बसता हो?" मी पहिल्यांदा विचारलं.

"अनफोरसीन व्हायला पाहिजे," ते म्हणाले. "गेटकडं बघत बसलो तर येताना दिसेल की."

गेट कुरकुरायचं. अण्णा भिंतीकडं बघत, अगदी काहीच ठाऊक नसल्यासारखे विचारायचे, "कोण आहे?"

मागून उत्तर यायचं, "ॲक्सिडेंट."